'हार्डी' रानफूल आणि ठाण्याचा पाऊस

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : बागकामाच्या सदरातील 'रशियन सेज' या झाडाच्या शिफारशीबाबत

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील बागकामाचे सदर मी गेली अनेक वर्षे वाचत आलो आहे. तीन फुटांच्या गॅलरीत आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये हौस भागवणाऱ्या ठाणेकरांना त्या सदराचा किती आधार आहे, हे मी आमच्याच इमारतीत पाहतो. रविवारी दुपारपर्यंत चार घरांत तरी पुरवणीवर कात्री चाललेली असते. म्हणूनच त्यात आलेल्या एका शिफारशीबद्दल जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. गेल्या डिसेंबरात त्या सदरात पाणीटंचाईच्या दिवसांत लावण्याजोगी काही फुलझाडे सुचवली होती आणि त्यांत 'रशियन सेज' या मध्य आशियाई रानफुलाची विशेष भलामण होती. कोरड्या डोंगरउतारांवर आणि स्टेप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवताळ माळांवर वाढणारे हे झाड कणखर आहे, बारमाही आहे, त्याला पाणी कमी लागते आणि कीड सहसा लागत नाही, असे त्यात म्हटले होते. या चार गोष्टींपैकी शेवटच्या दोन बरोबर आहेत. पहिल्या दोन मात्र इंग्रजी शब्दांवरून मराठीत येताना वाटेत घसरल्या आहेत, आणि त्या घसरण्याची किंमत ठाण्यात कितीतरी कुंड्यांनी मोजली असावी, अशी माझी समजूत आहे. त्यातल्या तीन कुंड्या तर मी स्वतः रिकाम्या केल्या.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातील वहिनींनी ते कात्रण फ्रिजवर चिकटवले आणि जानेवारीत घोडबंदर रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून साडेतीनशे रुपयांना एक, अशी तीन रोपे आणली. रोपे उत्तम होती. राखाडी-हिरवी, कडा कातरलेली पाने, पांढुरक्या ताठ काड्या, आणि पान चुरगळले की कापूर आणि ओवा यांच्या मधला कुठलासा वास. प्रत्येक कुंडीत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर इंग्रजीत 'हार्डी पेरेनियल' असे छापलेले होते. एप्रिल गेला, मे गेला. ठाण्याच्या उन्हात गॅलरीतली बाकीची झाडे माना टाकत असताना ही तीन रोपे खुशाल होती, आणि मेअखेर एकावर फिकट जांभळ्या फुलांच्या दोन काड्याही आल्या. वहिनींनी त्यांचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. तिसऱ्या आठवड्यात बुंध्याजवळची पाने काळपट होऊन काडीला चिकटून बसू लागली. जुलै उजाडला तेव्हा झाड वरून पाण्याविना सुकल्यासारखे दिसत होते, म्हणून वहिनींनी त्याला पाणी घातले. इथे त्यांना दोष देता येणार नाही. मुळे कुजलेले झाड आणि तहानलेले झाड वरून सारखेच दिसते, कारण दोघांच्याही पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते. एकाला ते मिळत नाही आणि दुसऱ्याला ते उचलता येत नाही.

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्यामुळे आमच्या जिन्यात आजारी झाडांची नाडी पाहण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येते. वर्तमानपत्र अंथरून त्यावर मी पहिली कुंडी उपडी केली. मातीला गटाराचा आंबूस वास येत होता. मुळे पांढरी असायला हवी होती, ती चहाच्या चोथ्याच्या रंगाची झालेली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढले तर उकडलेल्या शेंगदाण्याचे साल निघावे तसे त्याचे साल बोटाला लागून सरकले आणि आतली दोऱ्याएवढी शीर तेवढी हातात राहिली. हे मूळकुजीचे लक्षण इतके नेमके आहे की त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज पडत नाही. उरलेल्या दोन कुंड्यांची गतही तीच होती. "सर, पेपरात तर कणखर म्हणून लिहिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आमची तुळस बरी की यापेक्षा!"

वहिनींना ठाऊक नव्हते, पण त्यांनी केलेली तुलना अगदी भावकीतली होती. तुळस, सब्जा, पुदिना, ओव्याच्या पानांचे झाड आणि हे रशियन सेज ही सगळी एकाच कुळातली. या कुळातल्या झाडाची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवली की ती गोल न लागता चौकोनी लागते, हे कोणालाही घरच्या घरी पडताळता येईल. शेतमाळावर उगवणारा तुंबा आणि ओसाड जागी गोल गोल गोंड्यांची माळ उभी करणारी दीपमाळ हीसुद्धा याच कुळातली मंडळी. 'रशियन सेज' हे नाव मात्र दोन्ही बाजूंनी फसवे आहे. मुळात हे झाड रशियाचे नाही. त्याचे रानटी घर अफगाणिस्तान, इराण, बलुचिस्तान, पश्चिम हिमालय आणि तिबेट या पट्ट्यात आहे. आणि २०१७ सालापर्यंत शास्त्राच्या दृष्टीने ते सेजही, म्हणजे 'साल्व्हिया' या गटातलेही, नव्हते. ग्रिगोरी कारेलिन या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने १८४१ साली या गटाला 'पेरोव्स्किया' असे नाव दिले, आणि आपण ज्या झाडाबद्दल बोलत आहोत त्याचे वर्णन विल्यम ग्रिफिथ यांनी अफगाणिस्तानात गोळा केलेल्या नमुन्यावरून जॉर्ज बेंथम यांनी १८४८ साली केले. २०१७ मध्ये आनुवंशिक पुराव्यांच्या आधारे पेरोव्स्किया आणि रोझमेरी यांच्यासह पाच छोट्या प्रजाती 'साल्व्हिया' या मोठ्या प्रजातीत सामावून घेण्यात आल्या, आणि या झाडाचे नाव 'साल्व्हिया यांगी' झाले. आजकाल सकाळी पाण्यात भिजवून प्यायले जाणारे चियाचे बी ज्या झाडाचे, तेही साल्व्हियाच. सब्जा मात्र तुळशीच्या प्रजातीतला, जरी भिजल्यावर दोन्ही सारखीच दिसत असली तरी.

पेरोव्स्किया हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते वसिली पेरोव्स्की ओरेनबुर्ग प्रांताचे रशियन लष्करी गव्हर्नर होते. त्यांनी १८३९ च्या नोव्हेंबरात सुमारे पाच हजार माणसे आणि दहा हजार उंट घेऊन मध्य आशियातील खिवा या राज्यावर स्वारी केली. उन्हाळ्यात स्टेपवर पाणी मिळत नाही म्हणून त्यांनी हिवाळा निवडला, आणि त्या वर्षीच्या भयंकर थंडीने स्वारीचा असा फडशा पाडला की बहुतेक उंट गमावून त्यांना खिव्याचे तोंडही न पाहता परतावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांचे नाव ज्या झाडांच्या गटाला मिळाले, तो त्याच हिवाळ्यात निवांत झोप काढणारा. हा किस्सा मी वर्गात दरवर्षी सांगत असे, कारण कणखरपणा म्हणजे काय, हे त्यातून व्याख्येपेक्षा लवकर कळते. पेरोव्स्कींनी पाण्याच्या टंचाईचा विचार केला आणि थंडीचा पुरेसा केला नाही. आपल्या सदराने नेमके तेच केले आहे, फक्त थंडीच्या जागी ओल वाचावी.

आता मूळ मुद्दा. इंग्रजी बागकामाच्या भाषेत 'हार्डी' हा शब्द थंड देशांच्या गरजेतून आला आहे आणि त्याचा अर्थ गोठवणारा गारठा सोसणारे झाड, एवढाच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली प्रथम प्रसिद्ध केलेला जो 'हार्डीनेस' पट्ट्यांचा नकाशा आज जगभरच्या बियांच्या पाकिटांवर वापरला जातो, तो केवळ एकाच मोजमापावर उभा आहे : त्या जागी वर्षातले सर्वांत नीचांकी तापमान सरासरी किती खाली जाते. पाऊस किती, तो कोणत्या महिन्यात, हवेत दमटपणा किती, रात्री उकाडा किती, यांपैकी एकही गोष्ट त्या आकड्यात नाही. पट्ट्याचा आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त. रशियन सेजच्या पट्टीवर साधारण पाच ते नऊ हे पट्टे लिहिलेले असतात, म्हणजे ते उणे पंचवीस अंशांपर्यंतचा गारठा सोसते. आपल्या परिसरात हे कौतुक वापरायचे कुठे? सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजीचे ७.४ अंश सेल्सिअस आहे. त्या नकाशाच्या हिशेबाने आपण बाराव्या पट्ट्याच्या आसपास मोडतो, म्हणजे पट्टीवर जे लिहिले आहे त्यातच हे झाड आपले नव्हे, हे सांगितलेले होते; ते वाचायचे कसे, हे कोणी सांगितले नव्हते.

दुसरा शब्द 'पेरेनियल'. नदीच्या बाबतीत त्याला आपण बारमाही म्हणतो आणि ते बरोबर आहे, कारण तिथे बाराही महिने पाणी वाहते. झाडाच्या बाबतीत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यासाठी 'बहुवर्षायू' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो मुद्दाम वेगळा ठेवलेला आहे. बहुवर्षायू झाड अनेक वर्षे जगते. ते बाराही महिने हिरवे राहते किंवा फुलते, असे त्यातून निघत नाही. रशियन सेज त्याच्या घरी हिवाळ्यात वरून पूर्ण वाळते, बुंध्यापाशी थोडे लाकूड आणि जमिनीखाली मूळ तेवढे राहते आणि वसंतात पुन्हा फुटते. युरोपातले माळी वसंताच्या तोंडावर ते वीतभर ठेवून छाटतात, तेव्हा कुठे ते जोमाने वर येते. बहुवर्षायू म्हणजे दरवर्षी फुलणारे, असेही नाही. आमच्या येऊरच्या डोंगरावरची कारवी वर्षानुवर्षे नुसती पाने घेऊन उभी राहते. २०१६ साली फुलली, मग आठ वर्षे थांबून २०२४ साली फुलली, आणि फुलून झाली की ती पिढी मरते. उलट सदाफुली घ्या. ती मूळची मादागास्करची, पण कुंपणाच्या भेगेत, गच्चीच्या पन्हळीत, कुठेही रुजते आणि खरोखर बारा महिने फुलते. 'बारमाही' हे विशेषण तिला द्यावे. ते वाचून वहिनींसारख्या वाचकाच्या डोळ्यांपुढे सदाफुलीच येते, आणि पावसाळ्यात झाड मरगळले की आपलेच काहीतरी चुकले, असे तिला वाटते.

हे झाड त्याच्या मुलखात कसे जगते, ते समजले की ठाण्यात ते का मरते, हे वेगळे सांगावे लागत नाही. याची सख्खी बहीण, पेरोव्स्किया ॲब्रोटॅनॉइडिस, मी लडाखच्या एका सहलीत कारगिलच्या बाजूच्या उतारांवर पाहिली आहे. डोंगर म्हणजे नुसता खडीचा ढीग. आपल्याकडे रस्त्याच्या कामासाठी ओततात तशी खडी, आणि तिच्यात हात हात अंतर सोडून राखाडी झुडपे. मी एक ओढून पाहिले. काडी तुटली, पण मूळ तसूभर हलले नाही. आमचा चालक हसला. बहुधा हे करणारा मी पहिला पर्यटक नसावा. त्या खडीत पाणी पडले की खाली निघून जाते, मुळाशी थांबत नाही, आणि मुळांभोवती सतत हवा खेळती राहते. पान राखाडी दिसते ते त्यावरच्या फांद्या फुटलेल्या सूक्ष्म केसांमुळे; हे केस ऊन परतवतात आणि पानालगत स्थिर हवेचा एक पातळ थर धरून ठेवतात, त्यामुळे पानातले पाणी सावकाश उडते. पानातल्या सुगंधी तेलात कापूर आणि निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल हे दोन्ही असतात, आणि त्या उग्र वासामुळे चरणारी जनावरे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. ही सगळी तयारी कोरडेपणाविरुद्धची आहे. ओलीविरुद्ध त्याच्याकडे काहीही नाही, कारण त्याला तशी गरजच पडलेली नाही.

बलुचिस्तानातील क्वेट्टा शहरात वर्षाकाठी साधारण अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात त्याच्या जवळपास दसपट. २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे क्वेट्ट्याचा जवळजवळ चार वर्षांचा पाऊस चोवीस तासांत. पण नुसत्या आकड्यांपेक्षाही ऋतूंची अदलाबदल जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या मुलखात बहुतेक ओल हिवाळ्यात येते, पाऊस किंवा बर्फ होऊन, जेव्हा झाड निजलेले असते; उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. आपल्याकडे हिवाळा कोरडा आणि ओल नेमकी उकाड्याच्या दिवसांत. मूळ कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोफ्थोरा या जिवांचे बीजकण मातीतल्या पाण्यातून अक्षरशः पोहत जाऊन मुळाला चिकटतात. कोमट आणि तुडुंब माती हा त्यांचा राजमार्ग. त्यातच कुंडीतल्या मातीचे सगळे पोकळ कप्पे पाण्याने भरले की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि गुदमरलेले मूळ रोगापुढे तसेच हात टेकते. वरून पानांचे केस, जे तिकडे पाणी वाचवतात, तेच इकडे पावसाचे थेंब धरून ठेवतात आणि पान दिवसदिवस वाळू देत नाहीत. आणि आपण काय करतो? झाड परदेशी आणि महाग, म्हणून त्याला कोकोपीट आणि शेणखत घालून भुसभुशीत, ओल धरणारी गादी करून देतो आणि फरशी खराब होऊ नये म्हणून कुंडीखाली ताटली ठेवतो. वहिनींच्या तिन्ही ताटल्यांत पाणी होते.

गच्चीच्या पत्र्याखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवले तर, असा प्रश्न मला दोघांनी विचारला. झाड कदाचित पावसाळा काढील. पण ज्या थंडीच्या विश्रांतीवर त्याचे वर्षाचे चक्र चालते, ती ठाण्यात येत नाही. जुलैच्या दमट रात्री सावलीत ते लांबट आणि लेचेपेचे होत जाते, आणि मग काड्यांना आधार म्हणून बांबू बांधावे लागतात. माझे प्रामाणिक मत असे की ज्यांना हे फूल हवेच आहे त्यांनी ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणावे, निम्मी खडी किंवा फोडलेल्या विटांचे तुकडे घातलेल्या मातीत, ताटलीशिवाय, पूर्ण उन्हात लावावे, आणि पिटुनिया किंवा कॅलेंडुलासारखे एका हंगामाचे पाहुणे समजून मे महिन्यात त्याला निरोप द्यावा. त्यात काही कमीपणा नाही. फक्त साडेतीनशे रुपये देताना ते एका हंगामासाठी आहेत, हे घेणाऱ्याला माहीत असावे. एडलवाइस आणि पास्कफ्लॉवर यांसारख्या थंड, कोरड्या डोंगरांवरच्या इतर बहुवर्षायू फुलांची पाकिटेही हल्ली ऑनलाइन मिळतात, आणि त्यांच्याबाबत तर मी एका हंगामाचीही हमी घेणार नाही.

सदरलेखकांचा हेतू पाणी वाचवण्याचा होता आणि तो रास्तच आहे. मे महिन्यात आठवड्यातून एक दिवस नळ कोरडा राहतो, तेव्हा गॅलरीतल्या झाडांना बादली ओतताना मलाही अपराधी वाटते. पण मग ठाण्यात कणखर म्हणावे कशाला? माझ्या मते, जे झाड ऑक्टोबर ते मे असे आठ महिने पाण्यावाचून काढू शकते आणि उरलेले चार महिने धो धो पावसात उभे राहते, ते. लडाखच्या झाडाने यातली पहिलीच परीक्षा दिलेली आहे. दोन्ही परीक्षा दिलेली झाडे आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, येऊरच्या जंगलात आहेत, आणि त्यांची युक्ती अगदी वेगळी आहे. केसांवर, तेलावर किंवा राखाडी रंगावर त्यांची भिस्त नाही. ती सरळ जमिनीखाली निघून जातात. आठ महिने कंद होऊन पडून राहायचे, आणि पहिल्या सरींबरोबर वर यायचे.

यातले एक तर प्रत्येक जुन्या ठाणेकराने खाल्लेले आहे. जूनच्या सुरुवातीला जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि सोबत आंबट काकडांचा वाटा असतो, कारण काकडाशिवाय शिजवले तर शेवळ घशाला खाजते. आपण त्याला भाजी म्हणतो, पण तो सुरणाच्या एका रानटी भावंडाचा फुलोरा असतो. पान मागाहून येते. म्हणजे ठाण्यातले सर्वांत ओळखीचे बहुवर्षायू रानफूल आपण वर्षानुवर्षे कोलंबी घालून खात आलो आहोत. पावसाळ्यात येऊरच्या पायवाटांवर पांढऱ्या, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या फुलांचे पेव दिसते, तेही जमिनीखालच्या खोडावरच जगते. रानहळद आहे. ज्वाळेसारखी वर वळलेल्या पाकळ्यांची कळलावी आहे, जिच्यापुढे कोणतेही परदेशी फूल फिके पडावे. पण तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे जहाल विष असते, तेव्हा लहान मुले असलेल्या घरात ती नको, हे सदरात लिहिलेच पाहिजे. आणि सफेद मुसळी आहे. आयुर्वेदाच्या दुकानांत जिची भुकटी मिळते त्या मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम असे आहे. सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ साली तिचे वर्णन केले, आणि नावातले बोरिव्हिलियानम म्हणजे आपले बोरिवली, येऊरच्याच डोंगराची पलीकडची बाजू. पेरोव्स्की सेनापतींची फुले आपण आयात करतो, आणि बोरिवलीच्या नावाचे फूल आपल्याला पाहूनही माहीत नसते.

एक खबरदारी इथेच सांगितली पाहिजे, नाहीतर या पत्राने उलटेच नुकसान व्हायचे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून झाड, कंद किंवा बी काढणे कायद्याने गुन्हा आहे. मुसळीचे कंद तर औषधासाठी ओरबाडले गेल्यामुळे रानात आधीच दुर्मीळ झाले आहेत. पेव, रानहळद आणि लागवडीची मुसळी यांची रोपे आणि कंद देशी वनस्पतींची आवड असलेल्या काही रोपवाटिकांत मिळतात, मागणी वाढली तर आणखी मिळतील. तेवढ्यासाठी कुदळ घेऊन डोंगरावर जाण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे, पावसाळी सहलीत बीजगोळे फेकणाऱ्या उत्साही मंडळींनी परदेशी फुलांच्या मिश्र बियांची पाकिटे त्यात मिसळू नयेत. कोरड्या स्टेपची फुले इथे मरतील, पण त्याच पाकिटात कॉसमॉससारखे एखादे असते, ते मरत नाही, पसरते. शोभेचे झाड म्हणून आणलेल्या घाणेरीने येऊरच्या कडेला काय केले आहे, ते जाऊन पाहावे.

आपल्या सदराकडे माझे मागणे फार मोठे नाही. झाडाची शिफारस करताना त्याचा मूळ मुलूख कोणता, तिथे पाऊस किती आणि कोणत्या ऋतूत पडतो, हे एका ओळीत द्यावे. 'हार्डी'ला कणखर न म्हणता 'थंडी सोसणारे' म्हणावे, आणि 'पेरेनियल'ला बहुवर्षायू. शब्द थोडा बोजड आहे, मान्य. पण वाचकाला शब्द बोजड वाटला तर तो अर्थ विचारतो, सोपा वाटला तर चुकीचा अर्थ धरून रोप विकत घेतो. आपले दैनिक नाशिक, पुणे आणि सोलापूरलाही वाचले जाते, आणि घाटापलीकडच्या कमी पावसाच्या गावांत या झाडाचे काय होते, हे वेगळे तपासावे लागेल. माझा अनुभव ठाण्यापुरता आहे. निदान कोकणपट्टीसाठी आणि घाटापलीकडच्या देशासाठी शिफारशी वेगळ्या छापाव्यात. रोपवाटिकांनीही कुंडीतल्या पट्टीवर एवढी एक ओळ मराठीत लिहावी, असे आपण सुचवले तर ते कोणी मनावर घेईलही.

आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या भागातील कोणा वाचकाचे रशियन सेज उघड्या गॅलरीत गेला पावसाळा काढून यंदा पुन्हा फुटले असेल, तर कुंडी कशी होती, माती कोणती होती आणि पाऊस कोणत्या बाजूने लागत होता, हे त्यांनी आपल्या पत्रव्यवहारात अवश्य कळवावे. मी वरची सारी विधाने त्यानुसार दुरुस्त करायला तयार आहे. वहिनींच्या तीनपैकी दोन कुंड्या मी ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हासाठी पालथ्या घातल्या आहेत. तिसरी त्यांनी दिली नाही. तिच्यात त्यांनी तुळशीच्या मंजिऱ्या चुरून टाकल्या होत्या, आणि काल सकाळी तिच्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या जोडपानांची हिरवी साय धरलेली दिसली.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)